आजोबांच्या कागदावरची 'जहाजं' पाण्यात कधी गेलीच नाहीत? रॉयल इंडियन नेव्हीच्या किनारी तळांबद्दल माहिती हवी आहे

वाघोटन_खाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव विजयदुर्गाच्या अलीकडे, वाघोटन खाडीकाठी. आजोबा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात 'नेव्हीत' होते. मी दोन वर्षांचा असताना ते गेले, त्यामुळे मला त्यांची फक्त ऐकीव ओळख. 'अण्णा बोटीवर होते' एवढं एकच वाक्य आमच्याकडे पिढ्यांमागून आलेलं आहे.

गणपतीत घर झाडताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी त्यांचं सुटकेचं प्रमाणपत्र सापडलं. अर्धं वाळवीने खाल्लेलं आहे. भरती 1942, सुटका 1946 एवढं स्पष्ट वाचता येतं. मधे जहाजांचा रकाना आहे: डलहौसी, तलवार, डलहौसी, व्हेंदुरुथी, तलवार, पुन्हा डलहौसी. पुढच्या तारखांच्या जागी भोकं आहेत. हुद्द्याच्या जागी 'टेल' एवढीच अक्षरं शाबूत आहेत. नाव म्हणून त्यांचं आणि वडिलांचं, आडनाव कुठेच नाही. सगळ्या नावांआधी एच. एम. आय. एस. लिहिलंय.

मी ही जहाजं शोधायला बसलो आणि डलहौसी म्हणजे मुंबईतली बराक, तलवार म्हणजे कुलाब्यातली शाळा असं कळलं. हे मी उत्साहाने वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बोटीवर नव्हतेच?" त्यांचा चेहरा बघून मला सांगितल्याचं वाईट वाटलं. ऐंशी वर्षांचा माणूस, लहानपणापासून शाळेत 'माझे वडील बोटीवर होते' सांगत आलेला.

विचारायचं हे की, या नावांवरून अण्णा नेमके कुठे होते आणि काय करत होते हे कळू शकेल का? पुढचे कागद कुठे मिळतील?

सेमाफोर

वडिलांना आधी हे सांगा: अण्णा नौदलात होते. त्यात शंका घ्यायला काहीही जागा नाही.

मी स्वतः नौदलाच्या संदेशवहन शाखेतून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश आरमाराची शिस्त, पगार, राशन, शिक्षा हे सगळं जहाज गृहीत धरून बांधलेलं होतं. माणूस कुठल्यातरी जहाजाच्या पुस्तकावर असलाच पाहिजे. म्हणून जमिनीवरच्या बराकी, शाळा, भांडारं यांनाही जहाजाचं नाव देऊन रीतसर कमिशन करत. इंग्रज खलाशी त्यांना 'दगडी फ्रिगेट' म्हणत. ती पद्धत आपल्याकडे आजही तशीच आहे. लोणावळ्याची आय. एन. एस. शिवाजी घाटावर आहे, समुद्रापासून कितीतरी लांब. तिथेही फरशीला डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली म्हणतात, आणि फाटकाबाहेर पडलेला माणूस 'किनाऱ्यावर' जातो. मी कुलाब्यात पक्क्या इमारतीत राहत असताना घरी पत्रात 'सध्या अमुक जहाजावर आहे' असंच लिहीत होतो. आईला ते जहाज पाण्यातच आहे असं वाटायचं आणि मला त्यात खोटं सांगतोय असं कधीच वाटलं नाही.

तेव्हा एच. एम. आय. एस. म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप. कागदावर जहाज, जागेवर इमारत.

आता तुमची यादी. डलहौसी ही मुंबईच्या कॅसल बराकींची, 1940 मध्ये कमिशन झालेली. मुंबईतल्या खलाशांचा हा मुख्य तळ. तलवार ही कुलाब्याची संदेशवहन शाळा. व्हेंदुरुथी कोचीनला, ती आजही आय. एन. एस. व्हेंदुरुथी आहे. आणि 'टेल' म्हणजे टेलिग्राफिस्ट. बिनतारी यंत्रावर मोर्समध्ये संदेश घेणारा आणि पाठवणारा. तलवार दोनदा आली आहे, ते या हुद्द्याला धरूनच आहे.

एक महत्त्वाची गोष्ट. डलहौसी तीन वेळा दिसते म्हणून अण्णा तीन वेळा बराकीत बसून होते असं समजू नका. लहान ठाण्यांना स्वतःचं हिशेबाचं पुस्तक नसे. तिथे नेमलेली माणसं मोठ्या तळाच्या पुस्तकावर राहत. माणूस बदलीची वाट बघत असला तरी त्याच पुस्तकावर, इस्पितळात असला तरी त्याच पुस्तकावर. रकाना सांगतो तो कोणाच्या पुस्तकावर होता. तो रोज सकाळी कुठे उभा होता हे त्या रकान्यातून कळत नाही.

बाणकोटवाला

सेमाफोर, छान सांगितलंत. मला दुसऱ्या बाजूने एक भर घालायची आहे.

आपल्याकडे 'बोटीवर' हा शब्द फार सैल वापरतात. आमच्या खाडीपट्ट्यात निम्मी घरं बोटीवरची. माझे आजे बोटीवर, चुलत आजे बोटीवर. आम्ही दोघांनाही नेव्हीवाले समजत होतो. कागद निघाले तेव्हा कळलं की आजे रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते आणि चुलत आजे व्यापारी जहाजावर आगवाला. दोघेही भट्टीत कोळसाच टाकत होते, पण दोघांचं दप्तर पूर्ण वेगळं. व्यापारी जहाजावरच्या माणसाकडे 'नल्ली' असते, म्हणजे प्रत्येक सफरीची नोंद असलेलं पुस्तक. त्यात जहाज, कप्तानाचा शेरा, चढल्या-उतरल्याची तारीख असते. त्यांची चौकशी शिपिंग मास्टरच्या, म्हणजे व्यापारी खलाशांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, बाजूने करावी लागते, नौदलाकडे त्यांचं नाव सापडणार नाही. मी चार महिने चुलत आज्यांना नौदलात शोधत होतो.

घरातले शब्द लक्ष देऊन ऐका. सारंग, टिंडाल, आगवाला, भंडारी असे हुद्दे आले तर बहुतेक व्यापारी जहाज. रेटिंग, लीडिंग, पेटी ऑफिसर असं काही कानावर आलं तर नौदल. जुन्या रॉयल इंडियन मरीनमध्ये मात्र दोन्हीकडचे शब्द सापडतात, कारण 1934 च्या ऑक्टोबरात तिची नेव्ही झाली तेव्हा माणसं तीच राहिली. आणि युद्धाआधी खलाशांची भरती मुख्यतः आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातूनच व्हायची, मुसलमानही आणि हिंदूही. पंजाब, मद्रास, बंगालकडची माणसं मोठ्या संख्येने आली ती युद्धात नौदल वाढलं तेव्हा.

मुरुडची_सून

हा धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या सासऱ्यांचे वडील पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' होते असं सांगतात. तेही असंच शोधता येईल का?

कागदवाचक

मुरुडची_सून, बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची मोहीम. तिथे टायग्रिस नदीतून रसद नेण्यासाठी इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट नावाचं खातं होतं. ते नौदलाचं नसून रॉयल इंजिनिअर्सच्या अखत्यारीत होतं, म्हणजे लष्कराचं. तिथे हिंदुस्थानी खलाशी खूप होते. 'रॉयल इंडियन मरीन' आणि 'आय. डब्ल्यू. टी.' यांतलं काय होतं ते आधी ठरवा. ते तिकडेच वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. 1914-18 मध्ये ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही अशा खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दोन हजारांवर नावं. दुसऱ्या युद्धातल्यांची नावंही मुंबईत आहेत. त्यांत नौदलाचे साधारण 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ 6,000. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. कोकणातल्या किती घरांत त्यातलं एकेक नाव असेल.

वाघोटन_खाडी, तुमच्या शोधाबद्दल दोन गोष्टी, आणि या दोन्हींत लोक अडतात.

पहिली, नाव. आडनाव नसणं नेहमीचंच आहे. भरती करणारा माणूस स्वतःच्या कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहायचा. 'धोंडू'ची स्पेलिंगं मी पाच तऱ्हेने बघितली आहेत. म्हणून नावापेक्षा सेवा क्रमांकाला धरून चाला. तो कागदावर कुठेतरी असणारच, वाळवीने सोडला असेल तर.

दुसरी, गावाचा पत्ता. आज तुम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. अण्णांच्या भरतीच्या वेळी देवगड तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. अर्जात दोन्ही लिहा. रायगडवाल्यांनी 'कुलाबा जिल्हा' म्हणून शोधायचं. मुरुडचा माणूस असेल तर 'जंजिरा स्टेट' आणि वाडीचा असेल तर 'सावंतवाडी स्टेट', कारण 1948 पर्यंत ती संस्थानं होती. जिल्हाच चुकला की पुढचं सगळं चुकतं.

अर्ज कुठे करायचा? नौसैनिकांच्या सेवेचं दप्तर मुंबईत मानखुर्दला, चीता कॅम्पमध्ये, कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स इथे सांभाळतात. तिथे वारस म्हणून लिहा. सोबत सुटकेच्या कागदाची प्रत, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा. ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा. कधी कधी तिथल्या जुन्या नोंदवहीत नाव निघतं आणि तोच सेवा क्रमांक मिळण्याचा सोपा रस्ता ठरतो.

वाघोटन_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सेमाफोर काकांचा प्रतिसाद वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. 'दगडी फ्रिगेट' त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

सेवा क्रमांक भिंगातून सापडला. शेवटचा आकडा 3 की 8 एवढीच शंका आहे. दोन्ही लिहीन.

आत्या मालवणला असते, तिला फोन केला. तिच्याकडे अण्णांचं एक मेडल आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात. फोटो पाठवलाय. गोल आहे, एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा, वर 'इंडिया' आणि खाली 1939-45. एवढं एकच आहे. शिवाय एक फोटो, टोपीच्या फितीवर नुसतं एच. एम. आय. एस. आहे, पुढे जहाजाचं नाव नाही. त्यावरून काही?

सेमाफोर

टोपीवरून काही कळणार नाही. युद्धाच्या काळात गुप्ततेसाठी जहाजाचं नाव फितीवर घालत नसत. बाहीवर बघा. डाव्या दंडावर व्ही आकाराच्या पट्ट्या असतील तर त्या चांगल्या वर्तणुकीच्या. उजव्या बाहीवर पंख आणि विजेचा लोळ दिसला तर टेलिग्राफिस्टची खूण.

मेडलने मात्र बरंच सांगितलं. नकाशा असलेलं ते इंडिया सर्व्हिस मेडल. ते फक्त हिंदुस्थानी सैन्यदलांसाठी होतं आणि 3 सप्टेंबर 1939 ते 2 सप्टेंबर 1945 या काळात तीन वर्षांची सेवा झालेल्यांना मिळे, तीही प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्राबाहेरची सेवा. म्हणजे अण्णांची भरती 1942 च्या सप्टेंबरआधीची असली पाहिजे. तुमच्या कागदावरचा महिना वाळवीने खाल्ला असला तरी ही एक हद्द मिळाली. 1939-45 स्टार त्यांच्याकडे नाही. तो नौदलात मिळवायचा तर लढाईच्या क्षेत्रात समुद्रावर सहा महिने काढावे लागत. स्टार कधी हरवतोही, पण कागद आणि मेडल दोन्ही एकच सांगतायत: अण्णांचं युद्ध किनाऱ्यावरच्या बिनतारी खोलीत गेलं.

हे वाचून वडिलांना पुन्हा वाईट वाटू देऊ नका. समुद्रात गेलेल्या प्रत्येक जहाजाला हवामान, पाणबुडीची खबर, ताफ्याची वळणं हे सगळं किनाऱ्यावरूनच जायचं. कानाला हेडफोन, एका हाताने पेन्सिल, चार-चार तासांची पाळी. मी हे काम बऱ्या यंत्रांवर केलंय आणि तरी पाळी संपली की कानात तासभर टिकटिक राहायची. एक अक्षर चुकलं तर अक्षांश चुकतो. बिनतारी खोलीतला माणूस गोदीतल्या कोणालाही दिसत नाही, आणि त्याच्या पेन्सिलीवर दोनशे माणसांचं जहाज अवलंबून असतं. मला या कामाचा आजही अभिमान आहे.

आत्यांना सांगा, मेडल चिंचेने घासू नका. कोकणात हे हमखास होतं.

अलिबागचा_वाडा

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. एच. एम. आय. एस. डलहौसीचं नाव 1951 मध्ये बदलून आय. एन. एस. आंग्रे केलं गेलं, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने. आजही मुंबईत तो तळ त्याच नावाने आहे. तुम्ही विजयदुर्गचे. 1756 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार तुमच्याच बंदरात जळालं. अण्णा ज्या तळाच्या पुस्तकावर होते, त्यावर आज आंग्र्यांचं नाव आहे.

बाणकोटवाला

वा! हे लक्षातच आलं नव्हतं.

आता एक नाजूक प्रश्न. तलवार, टेलिग्राफिस्ट, 1946. हे तीन शब्द एकत्र आले की कोणीही विचारणारच. 18 फेब्रुवारी 1946 ला नाविकांचा उठाव तलवारवरच सुरू झाला. अण्णा तेव्हा तिथे होते का?

कागदवाचक

हे मीही वाचताना थांबून बघितलं. पण घाई करू नका.

उठाव तलवारवर सुरू झाला हे खरं. कारण जेवणाचं होतं आणि त्याहून जास्त वागणुकीचं. तलवारवरचेच नाविक बलाई चंद्र दत्त यांनी आधीच भिंतींवर घोषणा रंगवल्या होत्या. दोन दिवसांत उठाव मुंबई, कराचीपासून इतर बंदरांपर्यंत पसरला. 78 जहाजं, 20 किनारी तळ आणि 20,000 नाविक असे आकडे सहसा दिले जातात. त्या 20 तळांत ठाण्याजवळच्या कोलशेतची अकबर होती, आणि तुमच्या कागदावरची कॅसल बराकही होती. तिथे तर प्रत्यक्ष गोळीबार झाला. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर 23 तारखेला शरणागती झाली. पुष्कळांना मुलुंडच्या छावणीत ठेवलं आणि 476 जणांना नोकरीतून काढलं.

पण त्याच वर्षी युद्ध संपल्यामुळे हजारो खलाशांना रीतसर घरी पाठवलं जात होतं. 1946 ची सुटका एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सुटकेचं कारण काय लिहिलंय ते बघा. 'रिलीज' किंवा 'रिडक्शन' अशा अर्थाचं असेल तर नेहमीची सुटका. 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' असेल तर पुढे शोधायला हवं. मग काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, तिथे गृह विभागाच्या विशेष शाखेची दप्तरं आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर घरबसल्या शोधता येतं. या उठावातल्या नाविकांना पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे घरातून कोणी त्या निवृत्तिवेतनाचा अर्ज केला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची फाइल असेल. घरात विचारा.

आणि पुरावा हाती येईपर्यंत कोणत्याही समारंभात 'आमचे आजोबा उठावात होते' असं सांगू नका. मी एका घराला असं सांगताना बघितलंय. नंतर कागद उलटा निघाला आणि नातवंडांनी खऱ्या आजोबांबद्दल बोलणंच सोडून दिलं.

वाघोटन_खाडी

कारणाच्या रकान्यात अर्धा शब्द उरलाय. 'रिड' पर्यंत वाचता येतंय. म्हणजे रिडक्शन असावं. चालचलनाच्या रकान्यात 'व्ही. जी.' आहे. वडील म्हणाले, व्हेरी गुड ना, मग झालं तर.

18 फेब्रुवारीला ते कुठे होते ते मानखुर्दच्या दप्तरातून निघालं तर निघेल. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, सेवा क्रमांक दोन्ही तऱ्हेने, जिल्हा दोन्ही तऱ्हेने.

आत्याशी पुन्हा बोललो. अण्णा टेलिग्राफिस्ट होते हे तिला माहीत नव्हतं, शब्दच कधी ऐकला नव्हता. मी तिला समजावून सांगितलं, कानाने टिकटिक ऐकायची आणि अक्षरं लिहायची. ती एकदम थांबली. म्हणाली, "अरे, म्हणान ते पोस्टाच्या पडवीत बसत."

बंदरातल्या पोस्टात तेव्हा तार होती. अण्णा सकाळी तिकडे जाऊन बसत. आतून कट्टकट्ट आवाज येई. मधेच उठून चालायला लागत, कोणाशी न बोलता. आत्या म्हणाली, "खंयच्या घराक जातत तां बघलां की लोकांका कळा, थंय तार इली." तेव्हा तार म्हणजे मुंबईहून कोणीतरी गेल्याची बातमी. तारवाला कागद घेऊन पोचायच्या आत अण्णा त्या घराच्या ओट्यावर बसलेले असत. लोकांना वाटायचं त्यांना काहीतरी आधी दिसतं. दोन-तीन घरातल्या बायका त्यांना अंगणात बघून घाबरायच्या म्हणे. तरी ते जायचे.

सेमाफोर

वाघोटन_खाडी, हे वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो.

तारघरातल्या साउंडरचा आवाज हेडफोनमधल्या सुरापेक्षा वेगळा असतो. नुसती खटखट. दोन खटक्यांमधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ओळखायचं. पण लिपी तीच आहे. सवयीच्या कानाला काही दिवसांत ती उलगडते, आणि एकदा उलगडली की ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येते. कान बंद करता येत नाही. पडवीत बसलेल्या माणसाला नावासकट सगळं कळत असणार.

आत्यांना विचारा, अण्णा इंग्रजी कसं लिहायचे. अक्षर जोडून की सुटं, सगळी मोठी अक्षरं?

वाघोटन_खाडी

विचारलं. सुटी, मोठी अक्षरं. मनीऑर्डरच्या पावत्यांवर तशीच सही आहे. आत्याला वाटायचं त्यांना शाळा कमी म्हणून तसं लिहितात.

शनिवारी मालवणला जातोय, वडिलांना घेऊन. पावत्यांचे फोटो काढून इथे टाकतो. वडिलांना आता त्या पोस्टाची इमारत बघायची आहे. ती उभी आहे की नाही हे कोणाला माहीत असेल तर सांगा, बंदराच्या उतारावर, डाव्या हाताला होती म्हणतात.